वापरणार कोण?

तीन वर्षांपूर्वी मी एक तिकीट बंद केलं. तिकीट म्हणजे आमच्या धंद्यातलं तिकीट, वापरकर्त्याने पाठवलेली तक्रार किंवा मागणी. मी ज्या कंपनीत काम करतो (नाव सांगत नाही, नोकरी अजून तिथेच आहे) ती ब्राउझरमध्ये चालणारं ऑफिस सॉफ्टवेअर बनवते. पत्रं लिहा, तक्ते करा, प्रेझेंटेशन करा, ते सगळं. माझं काम मजकुराच्या थरात असतं. ओळ कुठे मोडायची, शब्द कुठे संपतो, लाल नागमोडी रेघ कुणाखाली ओढायची, हे बघायचं.

मागणी साधी होती. एका माणसाला भाषांच्या यादीत एस्पेरांतो हवी होती. मेनू एस्पेरांतोत करून द्या असं तो म्हणत नव्हता. ‘हा परिच्छेद एस्पेरांतोत आहे’ अशी खूण करता आली पाहिजे, एवढंच. म्हणजे आमचं सॉफ्टवेअर त्याच्या मजकुराला इंग्रजी समजून प्रत्येक शब्द चुकीचा ठरवणार नाही. शब्दकोशाची फाइलही त्याने स्वतः जोडली होती, मुक्त परवान्यासकट. आम्हाला फक्त दार उघडायचं होतं.

आमच्याकडे तयार उत्तरांची एक यादी असते. त्यातलं एक मी चिकटवलं: ‘या भाषेसाठी सध्या पुरेशी मागणी दिसत नाही.’ मग टीमच्या ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकला. कुणीतरी लिहिलं, उद्या ‘च’ची भाषा मागतील. सगळे हसले. मीही.

आठ महिन्यांनी मी स्वतः एक तिकीट लिहिलं. मराठीची शुद्धलेखन तपासणी आमच्याकडे नव्हती. आठ कोटी लोकांची भाषा आहे, काम मी शनिवार-रविवारी करायला तयार आहे, असं सगळं नीट मांडून लिहिलं. दोन दिवसांत उत्तर आलं आणि तिकीट बंद झालं. उत्तरातलं वाक्य ओळखीचं वाटलं. यादीतलं तेच.

हा लेख त्या वाक्याविरुद्ध आहे, आणि म्हणून एस्पेरांतोच्या बाजूने आहे. मला एस्पेरांतो बोलता येत नाही, शिकायचा विचारही नाही. पण ऑफिस सॉफ्टवेअरमध्ये ती असलीच पाहिजे, आणि ‘वापरणार कोण?’ हा त्यावरचा प्रश्न मुळातच चुकीचा आहे, असं माझं मत झालं आहे.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. लुडविक झामेनहोफ हा बियाविस्तोक गावात १८५९ साली जन्मलेला ज्यू डोळ्यांचा डॉक्टर. ते गाव तेव्हा रशियन साम्राज्यात होतं, आज पोलंडमध्ये आहे. गावात ज्यू, पोलिश, रशियन, जर्मन असे सगळे राहायचे आणि एकमेकांचा राग करायचे. कुणाचीच नसलेली, म्हणून सगळ्यांची होऊ शकेल अशी सोपी भाषा त्याने बांधली आणि १८८७ मध्ये वॉर्सात ‘डॉक्टर एस्पेरांतो’ या टोपणनावाने पहिलं पुस्तक काढलं. एस्पेरांतो म्हणजे आशा बाळगणारा. पुढे लोकांनी भाषेलाच ते नाव दिलं.

आज ती बोलणाऱ्यांचे अंदाज काही हजारांपासून वीस लाखांपर्यंत काहीही सांगितले जातात. जन्मापासून ती बोलणारे सुमारे हजारभर. म्हणजे मार्केट नाही, हे मान्य. पण ती खेळणं आहे असं म्हणणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं. हिटलरने ‘माइन काम्फ’मध्ये तिच्यावर आग ओकली. स्टालिनने १९३७-३८ मध्ये एस्पेरांतो बोलणाऱ्यांना पकडून छावण्यांत पाठवलं, गोळ्या घातल्या. झामेनहोफच्या तीन मुलांपैकी आदामला नाझींनी १९४० मध्ये गोळी घातली, झोफिया आणि लिदिया १९४२ मध्ये त्रेब्लिंकात मारल्या गेल्या. कुठलंही राष्ट्र मागे नसलेली भाषा राष्ट्रवाद्यांना इतकी का खुपली असेल, हा वेगळा विषय आहे. पण माझ्या कामाचा त्याच्याशी संबंध निघाला, तो असा.

सॉफ्टवेअरमध्ये भाषा एकटी येत नाही. ती ‘लोकेल’ नावाच्या गाठोड्यातून येते. भाषा आणि देश मिळून एक लोकेल. मराठी-भारत. इंग्रजी-अमेरिका. फ्रेंच-कॅनडा. या गाठोड्यात तारीख कशी लिहायची, आठवडा रविवारी सुरू होतो की सोमवारी, दशांश चिन्ह टिंब की स्वल्पविराम, चलन कोणतं, हे सगळं बांधलेलं असतं. मायक्रोसॉफ्टच्या जुन्या पद्धतीत अशा प्रत्येक जोडीला एक क्रमांक होता. मराठी-भारतचा ११०२. जुन्या वर्ड फाइलमध्ये मजकुराची भाषा म्हणून हाच क्रमांक साठवला जायचा. एस्पेरांतोला असा स्वतःचा कायमचा क्रमांक नव्हता. देशच नाही, तर जोडी कुठून लागणार?

आता तुम्ही प्रोग्रॅमर आहात असं समजा आणि तुमच्या कोडमध्ये सगळीकडे गृहीत धरलंय की भाषा आली म्हणजे देश आलाच. शंभर भाषा टाकून झाल्या, कुठेच अडलं नाही. एस्पेरांतो टाकली की पहिल्याच दिवशी कोड कोसळतो. हा दोष एस्पेरांतोचा नाही. तो तुमच्या कोडमध्ये पहिल्यापासून होता आणि बाकीच्या शंभर भाषांनी तो झाकून ठेवला होता.

भाषांच्या माहितीचा जो जागतिक साठा युनिकोडवाले चालवतात, त्यात यावर एक छान तोडगा आहे. एस्पेरांतोचा देश म्हणून तिथे ००१ लिहिलेलं असतं. संयुक्त राष्ट्रांच्या प्रदेश-क्रमांकांमध्ये ००१ म्हणजे जग. झामेनहोफला हे फार आवडलं असतं. लिब्रेऑफिसवाल्यांनी, ज्या भाषांना मायक्रोसॉफ्टने क्रमांक दिला नाही त्यांच्यासाठी, स्वतःच क्रमांक राखून ठेवले आणि एस्पेरांतोला त्यातला एक देऊन टाकला. परवानगी मागत बसले नाहीत.

याचा आपल्याशी काय संबंध? इस्रायलमध्ये बेने इस्रायल मराठी बोलतात. मॉरिशसमध्ये मराठी माणसं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. यांच्यापैकी कुणी सॉफ्टवेअरमध्ये मराठी निवडली की गाठोड्यात भारत येतो, भारतीय रुपया येतो. कारण मराठीची एकच जोडी उपलब्ध आहे. इस्रायलमधली आजी मराठीत हिशोब लिहिणार आणि शेकेलच्या रकमेपुढे ₹ येणार. भाषेला देशापासून सोडवायचं काम ज्यांनी एस्पेरांतोसाठी केलं, त्यांच्या कोडमध्ये मराठी-इस्रायल ही जोडी नुसती माहिती भरली की उभी राहते. आमच्या कोडमध्ये नाही राहत. मी करून पाहिलंय.

अक्षरांची गोष्ट तर आणखी ओळखीची आहे. एस्पेरांतोत सहा अक्षरं अशी आहेत जी इंग्रजी कीबोर्डवर नाहीत. पाचांच्या डोक्यावर छोटी टोपी, एका ‘यू’वर चंद्रकोर. छापखान्यांत हे खिळे नसायचे. झामेनहोफने स्वतःच पर्याय सुचवला होता की टोपी नसेल तिथे पुढे ‘एच’ लावा. पण त्यात घोटाळे होतात. विमानतळाला एस्पेरांतोत ‘फ्लुगहावेनो’ म्हणतात, फ्लुग म्हणजे उड्डाण आणि हावेनो म्हणजे बंदर. आता ‘जी’ आणि ‘एच’ शेजारी आले की मशीन समजतं, ही टोपीवाली ‘जी’, आणि त्याचं ‘फ्लुजावेनो’ करून टाकतं. म्हणून कॉम्प्युटरवाल्यांनी ‘एच’ऐवजी ‘एक्स’ घेतला, कारण ‘एक्स’ एस्पेरांतोच्या वर्णमालेतच नाही. गोंधळ होण्याची शक्यताच संपली. पुढे १९८८ मध्ये अक्षरसंचांच्या आंतरराष्ट्रीय मानकात दक्षिण युरोपसाठीच्या ‘लॅटिन-३’ संचाला जागा मिळाली आणि त्यात या सहा अक्षरांची सोय झाली. १९९१ मध्ये युनिकोड आलं, त्यातही ती पहिल्यापासून होती.

आणि आपला ॲ? ॲप, ॲसिड, ॲडमिशनमधला तो ॲ युनिकोडमध्ये कधी आला? २००८ साली. सतरा वर्षांनी. तोवर आपण अ लिहून त्यावर चंद्र चिकटवत होतो, आणि काही फाँटमध्ये तो चंद्र वेगळ्याच कुठल्या तरी गोलावर तरंगायचा. इतके कोटी आपण, आणि आपल्या एका अक्षराच्या आधी हजारभर जन्मजात बोलणाऱ्यांच्या भाषेची सहा अक्षरं आत जाऊन बसली. त्यांना कुणी मार्केट विचारलं नसेल असं नाही. त्यांनी फॉर्म भरले, बैठकांना गेले, मागे लागले. आपण काय केलं? आपल्या गावोगावच्या डीटीपी सेंटरांनी प्रत्येकी वेगळा फाँट घेतला, ज्यात कॉम्प्युटरच्या लेखी ‘क’ म्हणजे इंग्रजी ‘डी’ होता. माझ्या मामाच्या सेंटरमधल्या वीस वर्षांच्या लग्नपत्रिका आणि दोन स्थानिक लेखकांची आख्खी पुस्तकं आज उघडली तर नुसता इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो.

(चलनावरून आठवलं. एस्पेरांतोवाल्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ‘स्पेसमीलो’ नावाचं स्वतःचं आंतरराष्ट्रीय चलन काढलं होतं. ते चाललं नाही. पण त्याचं चिन्ह २००९ मध्ये युनिकोडात गेलं. आपलं ₹ गेलं २०१० मध्ये. आता ₹ ठरलाच २०१० मध्ये, त्यामुळे इथे आपला दोष नाही. पण एका मेलेल्या चलनाचं चिन्ह जिवंत रुपयाच्या आधी पोचलं, हे मला दर वेळी आठवतं.)

आता लाल रेघेकडे येतो, कारण माझं खरं दुखणं तिथे आहे. एस्पेरांतोत शब्द तुकडे जोडून बनतात. ‘माल्सानुलेयो’ म्हणजे हॉस्पिटल. माल म्हणजे उलट, सान म्हणजे निरोगी, उल म्हणजे माणूस, एय म्हणजे जागा, शेवटचा ओ म्हणजे हे नाम आहे. निरोगी नसलेल्या माणसांची जागा. असे शब्द बोलणारा जागच्या जागी बनवतो, कुठल्याही शब्दकोशात ते सगळे सापडणार नाहीत. म्हणजे शब्दांची नुसती यादी देऊन भागत नाही, सॉफ्टवेअरला नियम शिकवावे लागतात. नियम सैल सोडले तर गमती होतात. ‘कातारो’ म्हणजे सर्दी-पडसं, आणि ‘कात-आर-ओ’ असं तोडलं तर मांजरांचा कळप. ‘सेन्तेमा’ म्हणजे संवेदनशील, नाहीतर ‘सेन-तेम-आ’, विषय नसलेला. दोन्ही बरोबर. हे मशीनला सांभाळता आलं पाहिजे.

मराठी याहून वेगळी आहे का? ‘घरातल्यांनासुद्धा’ हा एकच शब्द बघा. घर, त्याला ‘आत’, त्याला ‘ल्या’, त्याला ‘ंना’, वर ‘सुद्धा’. थरावर थर. इंग्रजीसाठी बांधलेल्या तपासणीला ‘घर’ समजेल, फार तर ‘घरात’ समजेल, पुढे ती हात टेकते आणि लाल रेघ ओढते. मराठीतलं एक पान लिहा, अर्ध्या शब्दांखाली रक्त सांडल्यासारखं दिसतं. मग लोक काय करतात? तपासणी बंद करून टाकतात. मग कंपनी आकडे बघते आणि म्हणते, मराठीत तपासणी कुणी वापरतच नाही.

या दुष्टचक्रातून बाहेर पडायचा एक रस्ता आहे आणि तो मोठ्या भाषांनी बांधलेला नाही. लिब्रेऑफिस, फायरफॉक्स, क्रोम या सगळ्यांत शब्द तपासणाऱ्या इंजिनाचं नाव हनस्पेल आहे. त्यातलं ‘हन’ म्हणजे हंगेरियन. हंगेरियन भाषा प्रत्ययांवर प्रत्यय चढवते, इंग्रजीपुरतं इंजिन तिला पुरेना, म्हणून त्या लोकांनी ते वाढवलं. एकावर एक असे दोन प्रत्यय सोलून काढायची सोय केली, जोडशब्दांची केली. त्याचा फायदा पुढे जगभरच्या भाषांना झाला. आपल्याला दोन थर पुरत नाहीत, नियमांची फाइल लिहिताना प्रत्ययांच्या जोड्या आधीच शिवून ठेवाव्या लागतात, कटकट आहे. पण निदान जिथून पुढे जायचं ती पायरी तयार मिळाली.

एस्पेरांतो या बाबतीत जवळजवळ प्रयोगशाळेतल्या उंदरासारखी आहे. अपवाद नाहीत, लिंगाचा गुंता नाही, नामाच्या शेवटी ओ म्हणजे ओच. तिच्यावर तुमचं इंजिन फसलं तर चूक नक्की तुमच्या इंजिनात आहे. मराठीवर फसलं तर मात्र वाद सुरू होतो. इंजिन चुकलं, की आपल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या नियमांत गडबड आहे, की फाइल लिहिणाऱ्याला व्याकरण येत नाही? एखादा शहाणा इंजिनिअर मराठीच्या आधी एस्पेरांतो चालवून बघेल.

आता आक्षेप. सगळ्यात आवडता आक्षेप म्हणजे, मग उद्या क्लिंगॉनही घालाल का? ‘स्टार ट्रेक’ मालिकेतल्या परग्रहवासीयांची ती भाषा. उत्तर आहे: घातली. फेब्रुवारी २०२२ मध्ये आलेल्या लिब्रेऑफिस ७.३ मध्ये क्लिंगॉन आणि इंटरस्लाव्हिक या दोन्ही बांधलेल्या भाषा यादीत आल्या. क्लिंगॉनवरून भरपूर विनोद झाले आणि इंटरस्लाव्हिककडे कुणाचं लक्ष गेलं नाही. ही भाषा स्लाव लोकांना एकमेकांत बोलता यावं म्हणून बांधलेली आहे. ती रोमन आणि सिरिलिक अशा दोन्ही लिप्यांत लिहितात. तिला तेव्हा भाषांचा अधिकृत आंतरराष्ट्रीय कोडसुद्धा नव्हता, तो मिळाला २०२४ मध्ये. म्हणजे सॉफ्टवेअर आधी आलं, सरकारी शिक्का नंतर. एक भाषा दोन लिप्यांत ही अडचण गोव्यातल्या कुणालाही समजावून सांगायला नको. कोकणी देवनागरीतही लिहितात आणि रोमीतही, आणि ‘कोकणी म्हणजे देवनागरी’ असं कोडमध्ये गृहीत धरलं की अर्धी माणसं बाहेर पडतात. क्लिंगॉनमुळे लिब्रेऑफिस बुडालं नाही. माझ्या माहितीत कुणाचा एक तक्ताही बिघडला नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: माणसं कमी, वेळ कमी, आधी मोठ्या भाषा करू. ऐकायला रास्त वाटतं. पण यात एक लबाडी लपलेली आहे. ‘आधार’ या एका शब्दात दोन वेगळी कामं कोंबली जातात. एक काम म्हणजे अख्खा मेनू, सूचना, मदतीची पानं भाषांतरित करणं. हे हजारो वाक्यांचं काम आहे, दर आवृत्तीला पुन्हा करावं लागतं, आणि अर्धवट सोडलं तर फारच वाईट. मेनूत तीन शब्द मराठी आणि चौथा इंग्रजी हे सॉफ्टवेअर मला स्वतःला वापरवत नाही. इथे माणसं नसतील तर सरळ नाही म्हणा, मी तुमच्या बाजूने आहे. दुसरं काम म्हणजे भाषेला नाव देणं, मजकुरावर तिची खूण करता येणं, बाहेरून शब्दकोश जोडता येणं, क्रमवारी नीट लागणं. हे एकदाच करायचं असतं आणि कुठल्याही भाषेसाठी दार उघडं ठेवायचं असतं. त्या माणसाने दुसरं काम मागितलं होतं. मी पहिल्याची सबब सांगून त्याला परत पाठवलं.

क्रमवारीचं एक उदाहरण देतो, कारण हे कुणी करत नाही. ‘कल’, ‘कळ’, ‘कवच’ हे तीन शब्द तक्त्यात लावा. युनिकोडच्या नुसत्या क्रमाने लावले तर ते असेच येतील, कारण तिथे ळ हा ल च्या शेजारी बसवला आहे. पण आपल्या वर्णमालेत ळ ह नंतर येतो. म्हणजे कल, कवच आणि मग कळ. हे दुरुस्त करायला भाषेनुसार क्रम बदलायची सोय लागते. एस्पेरांतोलाही तीच लागते, टोपीवाली ‘सी’ साध्या ‘सी’नंतर आणि ‘डी’च्या आधी यावी म्हणून. आमच्या कोडमध्ये ही सोय नव्हती. एस्पेरांतोच्या तिकिटावर मी नीट अर्धा दिवस घालवला असता तर मराठीची याद्यांची तक्रारही तेव्हाच मिटली असती.

तिसरा आक्षेप हल्लीचा. आता एआय सगळ्या भाषा ओळखतो, कशाला हे तक्ते आणि फाइली? तर एआय तुमचा परिच्छेद ओळखेलही. पण ओळखल्यावर ती भाषा साठवायची कुठे, जर यादीत तिला जागाच नाही?

राहिले आपण. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. पेढे वाटले, स्टेटस ठेवले, मीही ठेवलं. त्या आठवड्यात मी सहज विकिपीडिया बघितला. एस्पेरांतो विकिपीडियावर तीन लाखांहून जास्त लेख आहेत. मराठीवर सुमारे एक लाख. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख. लेखांच्या संख्येवरून दर्जा ठरत नाही, छोट्या लेखांचा ढीगही असतो, हे सगळं मला माहीत आहे. पण तरीही. त्यांच्याकडे शासन नाही, विद्यापीठांचे विभाग नाहीत, साहित्य संमेलनाचं अनुदान नाही. म्हणून त्यांना सवय लागली आहे स्वतः फाइल लिहून पाठवायची. आपल्याला सवय आहे निवेदन द्यायची. पुण्या-मुंबईत, बंगळुरात, बे एरियात एवढे मराठी इंजिनिअर बसलेत की कुठल्याही मोठ्या सॉफ्टवेअरच्या टीममध्ये एखादा ‘काय रे, जेवलास का’ म्हणणारा सापडतोच. आणि भाषेचं तिकीट आलं की आपणच पहिले विचारतो: वापरणार कोण?

आपली संख्या मोठी आहे म्हणून आपल्याला वाटतं की संख्येचा नियम आपल्या बाजूने आहे. तो नाही. पैसे मोजणाऱ्या ग्राहकांच्या यादीत, ‘आमचं काम इंग्रजीत चालतं’ असं आपणच सांगितल्यावर, आठ कोटींचे किती उरतात? त्या हिशोबात आपण एस्पेरांतोच्या शेजारीच बसलो आहोत.

गेल्या महिन्यात मी ते जुनं तिकीट पुन्हा उघडलं. सोबत स्वतःचं मराठीचंही. दोन्हींसाठी लागणारा बदल एकच आहे, तसं लिहिलं. मॅनेजरने कॉलवर विचारलंच, वापरणार कोण. मी म्हटलं, ज्याने तिकीट लिहिलंय तो. मग तीन वर्षांनी त्या माणसाला उत्तर पाठवलं, माफी मागितली. दुसऱ्या दिवशी त्याचं उत्तर आलं. आभार मानले होते. पण आपली सगळी कागदपत्रं त्याने दोन वर्षांपूर्वीच दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हलवली होती. तिकिटाला जोडलेली शब्दकोशाची फाइल आता जुनी झाली आहे, ती वापरू नका, असं त्याने लिहिलं होतं. खाली नवी जोडली होती.